‘कसा होता पिक्चर?’

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला घरात, ऑफिसात, सोसायटीच्या जिन्यात हमखास हा प्रश्न येतो. उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच असतं. भारी होता. ठीक होता. बोअर झाला. एकदा बघायला हरकत नाही. विचारणाऱ्याला तेवढ्याने काही कळत नाही. तो मान हलवतो आणि विषय बदलतो. सांगणाऱ्याकडे खरं तर पुष्कळ असतं. दोन-अडीच तास अंधारात बसून मनात बरंच काही झालेलं असतं, आणि त्यातलं काहीच समोरच्यापर्यंत पोचत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण परीक्षणं वाचून थिएटर गाठणारे थोडे. बाकीचे जातात ते शेजारणीच्या, मेव्हण्याच्या, ऑफिसातल्या मित्राच्या सांगण्यावरून. मराठी चित्रपटाच्या बाबतीत तर हे फारच खरं. जाहिरातीला पैसा कमी, शो मोजके, त्यांच्या वेळा अडनिड्या. पहिल्या चार दिवसांत पाहून आलेली माणसं काय बोलतात, यावर पुढच्या शुक्रवारी शो राहणार की जाणार ते ठरतं. केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ 30 जून 2023 रोजी लागला तेव्हाचे दिवस आठवा. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा, एवढीच गोष्ट. आधी जाऊन आलेल्या बायकांनी भिशीत सांगितलं, लोकलच्या लेडीज डब्यात सांगितलं, नणंदा-भावजयांना फोन करून सांगितलं, आणि दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरायची ती उलट वाढली. नऊवारी नेसून, नथी घालून बायका घोळक्याने थिएटरात गेल्या. त्या बोलण्यात पटकथेची बांधणी वगैरे शब्द फारसे नसणार. ‘त्यातली ती मोठी बघ, अगदी आपल्या वन्सं’ असलं काहीतरी असणार. तेवढं पुरलं.

तर या साध्या, गप्पांतल्या मताबद्दल थोडं सांगायचं आहे. परीक्षण लिहायला शिकवणारे बरेच आहेत. पाहिलेल्या चित्रपटाबद्दल चार माणसांत नीट बोलावं कसं, हे मात्र कोणी सांगत नाही.

माझं पहिलं सांगणं असं की निकाल जरा मागे ठेवा आणि आधी एक प्रसंग सांगा.

समजा, तुम्ही काल रात्री अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ पाहिला. हा चित्रपट 2014 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात क्रिस्टल बेअर मिळवून आला आणि 2015 मध्ये आपल्याकडे लागला. पण तुम्ही तो काल पाहिला असेल तर तुमच्यापुरता ताजाच. मैत्रिणीला आपण सहसा असं कळवतो : ‘किल्ला पाहिला. खूप सुंदर. सगळ्यांची कामं अप्रतिम. फोटोग्राफी लाजवाब. नक्की बघ.’ यातला एकही शब्द खोटा नाही. पण चित्रपटाचं नाव काढून दुसरं कुठलंही घातलं तरी हा निरोप तसाच चालेल. मैत्रिणीला अशा ‘नक्की बघ’च्या याद्या रोज येतात. त्यातलं कुठलं आपल्यासाठी, हे तिने ओळखायचं कसं?

आता हेच असं कळवून पाहा : ‘किल्ला पाहिला. वडील गेलेत, आईची कोकणात बदली झालीये, सातवीतला मुलगा नव्या गावात, नव्या शाळेत. एकदा सगळी पोरं सायकली मारत किल्ल्यावर जातात, धो धो पाऊस येतो आणि हा एकटा मागे राहतो. भूतबीत काही नाही गं, नुसता पाऊस आणि दगडी भिंती. पण त्याच्या पोटात जो खड्डा पडला तो माझ्याही पडला. फार काही घडत नाही पिक्चरमध्ये. तुला असे शांत पिक्चर चालतात म्हणून सांगतेय. मोबाईलवर नको बघू, टीव्हीवर लाव, त्यात पाऊस आणि समुद्र आहे.’

वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही. गोष्टीची सुरुवात कळली, शेवट कळला नाही. एक चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. सांगणारीला नेमकं काय झालं ते कळलं. चित्रपटाची चाल धीमी आहे हेही आलं, तेही तक्रारीचा सूर न लावता. आणि हे तिलाच का सांगितलं, ते तर स्पष्टच आहे. ‘अप्रतिम’ हा शब्द कुठेही लागला नाही.

असा प्रसंग सापडतो कसा? त्यासाठी डोकं खाजवत बसायची गरज नसते. थिएटरमधून निघाल्यावर रिक्षात, गाडीवर, घरी हात-पाय धुताना जो प्रसंग आपसूक डोळ्यांपुढे येतो, तोच तुमचा. पुष्कळदा तो चित्रपटातला सर्वांत गाजलेला प्रसंग नसतो. एखाद्याला नायिकेच्या भाषणापेक्षा तिच्या सासूने मुकाट्याने सरकवलेलं ताट आठवतं. त्याला तेच सांगू द्यावं. एक पथ्य मात्र जरूर पाळा : स्वतःचा प्रसंग सापडेपर्यंत दुसऱ्यांची मतं वाचू-ऐकू नका. एकदा कोणाचं तरी ठाम वाक्य कानावर पडलं की आपण तेच बोलू लागतो, आणि आपल्याला काय वाटलं होतं ते आपल्यालाच आठवेनासं होतं.

अभिनयाबद्दल बोलतानाही हेच. ‘रिंकू राजगुरूने सैराटमध्ये काय काम केलंय!’ हे 2016 पासून सगळे म्हणत आले आहेत. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा खास उल्लेखही झाला. पण तिची आर्ची ट्रॅक्टर चालवत येते तेव्हा ती ज्या सहजतेने बसलेली असते, आपण काही वेगळं करतोय असं तिच्या चेहऱ्यावर कुठेच नसतं, हे सांगितलंत तर ऐकणारा पुढच्या वेळी तिकडे बघेल. एक नजर, एक चालणं, एका वाक्यानंतरचं थांबणं. एवढं एक धरलं तरी पुष्कळ.

‘संथ आहे’ या शेऱ्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण चांगल्या मराठी चित्रपटांचं याने फार नुकसान केलं आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ घ्या. 2020 मध्ये व्हेनिसला त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला, 2021 मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला, आणि घरोघरी बऱ्याच जणांनी तो पंधरा-वीस मिनिटांत बंद केला. शास्त्रीय गाण्यात आयुष्य घालायला निघालेला शरद नेरुळकर हा तरुण त्याचा नायक. रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून तो मोटारसायकलने जातो, कानात माईंची जुनी व्याख्यानं. माई म्हणजे त्याच्या गुरूंच्याही गुरू. पडद्यावर त्या दिसत नाहीत, फक्त आवाज. तो सुमित्रा भावे यांचा. गाडी मंद गतीत सरकत राहते, दिवे मागे पडत राहतात, आणि माई साधना, त्याग, एकांत यांबद्दल बोलत राहतात. दृश्य लांबतं हे खरं. पण त्या लांबण्यातच तो माणूस कळतो. गर्दीच्या शहरात त्याला स्वतःचा असा एवढाच वेळ आहे, आणि त्या वेळातही तो कोणाच्या तरी कठोर शब्दांच्या ओझ्याखाली आहे.

आता हा चित्रपट तुम्हाला झेपला नाही, तर तसं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण ‘संथ आहे, बोअर आहे’ म्हणून मोकळं होण्याऐवजी एवढं म्हणा : ‘मोटारसायकलची दृश्यं लांब आहेत, मला तिसऱ्यांदा आल्यावर धीर राहिला नाही, पण तुला गाण्याची आवड असेल तर माईंचं बोलणं ऐकण्यासारखं आहे.’ ऐकणारा गाणं शिकत असेल तर याच वाक्यावरून तो चित्रपट लावेल. तुम्हाला आवडला नाही हे त्याच्यापासून लपवलं नाही, आणि त्याची वाटही अडवली नाही. धिमेपणा आणि कंटाळा या दोन गोष्टी बोलण्यात वेगळ्या ठेवता आल्या, तर नावडलेल्या चित्रपटावरचं तुमचं मतही दुसऱ्याच्या उपयोगी पडतं.

याच्याच जोडीला, कुठे आणि कसा पाहिला ते सांगायची सवय लावा. थिएटरात सलग पाहिला, की कुकरच्या शिट्ट्या मोजत, मधे दोन फोन घेत, तीन रात्रींत तुकड्या-तुकड्याने पाहिला? दुसऱ्या प्रकारे पाहिलेला चित्रपट ‘तुटक वाटतो’, यात दिग्दर्शकाचा दोष किती ते सांगणं अवघड आहे. ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत मोठ्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रण केलं. मोबाईलच्या स्पीकरवर ती गाणी ऐकून ‘ठीक आहेत’ म्हणणाऱ्याने आपण स्पीकरवर ऐकली हे सांगावं. अर्ध्यावर सोडलेल्या चित्रपटाचंही मत देता येतं. ‘तासाभरानंतर मी बंद केला, तोवर मला नायकाचं काहीच कळेना’ हे प्रामाणिक मत आहे. मात्र नुसता ट्रेलर पाहून किंवा ग्रुपवर आलेला निरोप वाचून ‘फालतू आहे’ म्हणू नये. कोणाची तरी तीन-चार वर्षांची मेहनत असते त्यात.

आता शेवट फोडण्याबद्दल. शेवट सांगू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी तो फुटतो. बहुतेक वेळा मुद्दाम नाही, उत्साहात. ‘शेवटी असा धक्का बसतो ना, मी काही सांगत नाही!’ या वाक्याने अर्धं काम केलेलं असतं. ऐकणारा आता पहिल्या मिनिटापासून धक्क्याची वाट पाहत बसतो, प्रत्येक पात्राकडे संशयाने बघतो आणि चित्रपटाने बेतलेला डाव त्याच्यावर चालतच नाही. ‘जे वाटतं तसं ते नाहीये’ हेही तसंच. धक्का आहे एवढं सांगणंसुद्धा शेवट फोडण्यातच येतं.

मी एक माप वापरते आणि ते सहसा दगा देत नाही : पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत जे कळतं तेवढंच सांगायचं. परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ 2023 च्या जानेवारीत आला. त्याबद्दल ‘एक नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोचा काटा काढायचा बेत आखतात, आणि बेत त्यांना वाटतो तितका सोपा राहत नाही’ इथे थांबायचं. पुढे वाटलं तर तुमच्या शेजारची माणसं कशी हसत होती, तुम्ही कधी सरसावून बसलात, ते सांगा. ‘दृश्यम’चंही तेच. निशिकांत कामत यांनी 2015 मध्ये मल्याळम चित्रपटावरून केलेला हा हिंदी चित्रपट गोव्यात घडतो. शाळेत फार न शिकलेला, पण सिनेमे पाहून शहाणा झालेला केबलवाला, त्याच्या घरावर आलेलं संकट, आणि घर वाचवायला तो आजवर पाहिलेल्या सिनेमांतलं सगळं ज्ञान पणाला लावतो. एवढ्यावर कोणीही तिकीट काढेल.

‘इतका जुना पिक्चर, आता काय त्याचं गुपित?’ असं विचारणारे भेटतात. मला हे पटत नाही. ‘सैराट’ आला तेव्हा जी मुलं आठ-नऊ वर्षांची होती ती आज कॉलेजात आहेत आणि कोणी कोणी तो पहिल्यांदाच बघायला बसतात. त्यांचं पहिलं पाहणं आपल्या पहिल्या पाहण्याइतकंच मोलाचं आहे. समोरच्याने पाहिलाय का, हे आधी विचारायला दोन शब्द लागतात. आणि मल्टिप्लेक्समधून बाहेर पडताना दारातच शेवटावर चर्चा सुरू करू नका. पुढच्या शोची माणसं पॉपकॉर्न हातात घेऊन तिथेच उभी असतात. खाली पार्किंगमध्ये, नाहीतर बाहेर चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत थांबा.

कोणाला सांगतोय, हा विचार सगळ्यांत कमी होतो. एकच मत आईला, दहावीतल्या भाच्याला आणि ऑफिसातल्या मित्राला एकाच शब्दांत पाठवून चालत नाही. आईला कदाचित हिंसा किती आहे ते हवं असतं. मित्राला गाणी मधे येतात का ते हवं असतं. बहिणीला मुलांना नेता येईल का, हे हवं असतं. तिथे तुमचं ‘चालेल’ पुरत नाही. चित्रपट कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाल्यापासून सेन्सॉर प्रमाणपत्रातल्या ‘यूए’ या वर्गाचे वयानुसार तीन भाग झाले आहेत : 7, 13 आणि 16 वर्षं. म्हणजे त्या वयाखालच्या मुलांना दाखवायचा की नाही, ते पालकांनी पाहून ठरवायचं. ‘ए’ असेल तर अठराच्या आतल्यांना प्रवेशच नाही. चित्रपट सुरू व्हायच्या आधी हे प्रमाणपत्र पडद्यावर येतं. बहिणीला कळवायचं असेल तेव्हा त्याकडे लक्ष ठेवा आणि सोबत हेही सांगा की नेमकं काय आहे : शिव्या आहेत, रक्त आहे, की लहान मूल घाबरेल असा प्रसंग आहे.

काही माणसांना याहून जपून सांगावं लागतं. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ हा माझ्या अत्यंत जवळचा चित्रपट. 2004 मध्ये आला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवलं, भारतातर्फे ऑस्करला गेला. डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी गमावणार असलेला नातू आणि त्याला शहरातल्या इस्पितळात घेऊन आलेले आजोबा. ज्यांच्या घरात मूल आजारी आहे त्यांना मी हा चित्रपट ‘बघाच’ म्हणून कधीच सुचवत नाही. विषय सांगते आणि निवड त्यांच्यावर सोडते. ज्याच्या घरात नुकतंच कोणी गेलं आहे, त्याला ‘मस्त रडवतो’ म्हणून चित्रपट सुचवण्याआधी त्यात मरण आहे एवढं सांगणं, हे शेवट फोडणं नव्हे. तिथे माझं वीस मिनिटांचं माप मी बाजूला ठेवते.

तुलनेचंही थोडं बघा. ‘मूळ तेलुगू बघ, त्याची सर नाही’, ‘कादंबरी वाचली असतीस तर…’ अशी वाक्यं आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. ‘वेड’ पाहून आलेल्याला मूळ तेलुगू ‘मजिली’ची आठवण करून देणं, किंवा सुजय डहाके यांच्या ‘शाळा’बद्दल बोलताना मिलिंद बोकीलांच्या कादंबरीची थोरवी सांगणं. ऐकणाऱ्याने मूळ काही वाचलं-पाहिलं नसेल तर त्याच्या हाती यातून काही लागत नाही, वर आपण काहीतरी कमी पाहिलं असं त्याला वाटतं. दोघांनी दोन्ही पाहिलं असेल तेव्हा हीच तुलना रंगते. तोवर समोर आहे त्या चित्रपटाबद्दल बोलावं.

आकड्यांपासूनही जरा लांब राहा. पाचपैकी साडेतीन दिले की विषय संपतो. तीन आणि साडेतीन यांत फरक काय, ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. बाहेरच्या संकेतस्थळांचे आकडे सांगताना तर फारच गल्लत होते. रॉटन टोमॅटोजवर 90 टक्के दिसले की लोक ‘दहापैकी नऊ मिळालेत’ म्हणतात. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की शंभरातल्या नव्वद समीक्षकांचं मत अनुकूल आहे. त्या नव्वदांतले साठ जण नुसतं ‘बरा आहे’ म्हणत असू शकतात. किती कोटींचा गल्ला जमला, हेही तुमचं मत नाही. ती बातमी आहे, ती कुठेही मिळते. तुम्हाला काय वाटलं, ते मात्र फक्त तुमच्याकडेच मिळतं.

मतं जुळली नाहीत की गप्पांना धार येते, आणि इथेच बऱ्याच मैफली बिघडतात. ‘तुला कळलाच नाही’ हे वाक्य कृपा करून टाळा. ते बोललं गेलं की पुढे चित्रपटावर बोलणं होत नाही, एकमेकांच्या अकलेवर होतं. त्याऐवजी विचारा, ‘कुठे तुटला तुझ्यासाठी?’ समोरचा एक जागा दाखवेल. कदाचित नेमकी तीच जागा तुम्हाला आवडलेली असेल. आता दोघांच्या हातात एकच दृश्य आहे आणि दोन माणसं त्याकडे दोन बाजूंनी बघताहेत. याहून चांगल्या गप्पा मला ठाऊक नाहीत. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या 1968 पासून हेच करत आल्या : चित्रपट दाखवायचा आणि मग त्यावर बोलायचं. त्यासाठी सभागृह लागत नाही, जेवणाचं टेबल पुरतं.

नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ आले तेव्हा जेवणाच्या टेबलांवर पुष्कळ वाद झाले. जातीचा विषय निघाला की बोलणं चित्रपट सोडून कुठल्या कुठे जातं. ‘आमच्याकडे असं काही नसतं’, ‘त्यांचंच दाखवायचं का सारखं?’ अशा वेळी गप्प बसून विषय गिळू नये असं मला वाटतं. आवाज चढवण्याचाही उपयोग नाही. चित्रपटातल्या दृश्याकडे परत यावं. ‘फँड्री’तला जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो, तिची राख अंगावर टाकली की त्याला आवडणारी शालू वश होईल, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. आपल्याला आवडणाऱ्या मुलीशी नुसतं बोलता यावं, यासाठी एखाद्या पोराला जादूचा आधार का घ्यावा लागतो? हा प्रश्न शांतपणे टेबलावर ठेवा. ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणणारे काका यावर काहीतरी बोलतील, आणि जे बोलतील ते त्या पोराबद्दल असेल. मोघम वादात माणूस आपली बाजू सोडत नाही. एका पोराकडे, एका प्रसंगाकडे बघताना मात्र तो कधी कधी विचारात पडतो.

नटनट्यांच्या रंगावर, जाडीवर, बोलीवर शेरे मारू नका. ‘गावंढळ बोलते’ हे अभिनयाबद्दलचं मत नाही. मराठवाड्याची, वऱ्हाडाची, कोल्हापूरची, मालवणी अशी आपलीच बोली पडद्यावर खरी वाटली की नाही, यावर मात्र जरूर बोला, विशेषतः तुम्ही त्या भागातले असाल तर. शहरात वाढलेल्या समीक्षकाला हे कळत नाही. बोलीचा हेल चुकला, शेतातलं काम नट करताना अवघडला, मंगळागौरीचा खेळ चुकीचा दाखवला, देवळातला रिवाज तसा नसतो : ही तुमच्याकडची माहिती आहे आणि ती मोलाची आहे.

एका गोष्टीपासून मात्र कटाक्षाने दूर राहा. आवडलेल्या गाण्याचे, नायकाच्या एन्ट्रीचे किंवा शेवटाचे काही सेकंद थिएटरात फोनवर टिपून स्टेटसला टाकणं आता इतकं सरावाचं झालंय की त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटतच नाही. मागच्या रांगेतल्याच्या डोळ्यांवर तुमच्या फोनचा उजेड येतो, ते एक झालंच. शिवाय 2023 च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय थिएटरात चित्रपटाचं असं चित्रण करणं हा गुन्हा आहे. त्याला 3 महिने ते 3 वर्षं कैद आणि कमीत कमी 3 लाख रुपये दंड सांगितला आहे. दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तिकिटाचा किंवा बाहेरच्या पोस्टरचा फोटो टाका, आणि त्याखाली तुमचा तो एक प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहा.

चित्रपट आवडला की त्यातल्या कोणाचं तरी नाव लक्षात ठेवा आणि बोलताना ते घ्या. दिग्दर्शकाचं, कॅमेरामनचं, संवाद लिहिणाऱ्याचं, कोणाचंही. त्याने पुढची वाट सापडते. ‘किल्ला’चं छायाचित्रण अविनाश अरुण यांनी स्वतःच केलं आहे, आणि ‘दृश्यम’चंही त्यांचंच. पुढे त्यांनी ‘थ्री ऑफ अस’ केला. स्मरणशक्ती ओसरू लागलेली एक बाई लहानपणी जिथे राहिली त्या कोकणातल्या गावी परत जाते, अशी ती गोष्ट. शेफाली शाह त्यात आहेत. ज्या मैत्रिणीला ‘किल्ला’ आवडला तिला हा सुचवताना कारण शोधावं लागत नाही. तेच कोकण, तोच समुद्र, फक्त माणूस वयाच्या दुसऱ्या टप्प्यावर. असं एक नाव हाती लागलं की पुढचे चार-पाच चित्रपट आपोआप ओळखीचे होत जातात.

मराठी चित्रपट थिएटरात लागलेला असेल तर मत सांगताना थिएटर आणि शोची वेळही सांगा, आणि पहिल्याच आठवड्यात सांगा. ‘छान आहे, बघा कधीतरी’ या ‘कधीतरी’त कितीतरी चित्रपट उतरून गेले. ‘शनिवारी दुपारचा शो आहे, मी परत येते, चल’ असं म्हणालात तर फारच उत्तम.

आणि समोरची व्यक्ती पाहून आली की ‘आवडला ना?’ असं विचारू नका. त्याला ‘हो’ म्हणण्यावाचून तिला गत्यंतर राहत नाही. तुम्ही सुचवलेला असतो ना! त्याऐवजी एखाद्या माणसाबद्दल विचारा. ताम्हाण्यांचाच ‘कोर्ट’ पाहून आलेल्याला विचारा : ‘ती सरकारी वकील बाई तुला कशी वाटली?’ गीतांजली कुलकर्णी यांनी रंगवलेली ही बाई कोर्टात एका म्हाताऱ्या शाहिराविरुद्ध कलमं धडाधड वाचते. मग लोकलने घरी निघते, बाजूच्या बाईशी साडीबद्दल बोलते, मुलाला घेऊन घरी येते आणि स्वयंपाकाला लागते. तिचा राग येतो, की कीव, की आपलीच कोणी वाटते? मी हा प्रश्न ज्यांना ज्यांना विचारला त्यांनी वेगवेगळी उत्तरं दिली, आणि एकाही उत्तरानंतर बोलणं तिथेच थांबलं नाही.